तसूभर

कीथलीत, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
दर बुधवारी आम्ही फळी मांडतो.
एका टोकाला डोकं टेकायची उभी पाटी,
दुसरी तळव्यांपर्यंत सरकणारी,
मध्ये मीटरभर प्लायवूड
आणि आजवर तिच्यावर रडलेल्या सगळ्या पोरांचा
पुसूनही न गेलेला आंबूस वास.

तस्लीम डोकं धरते, मी गुडघे.
हलकेच दाबायचे, इतके हलके
की बघणाऱ्या आईच्या पोटात कालवू नये.
जेन्सन, वीस महिन्यांचा, धनुष्य होतो.
अठ्ठ्याहत्तर पॉइंट एक.
पुन्हा: अठ्ठ्याहत्तर पॉइंट नऊ.
सात मिलिमीटरच्या वर फरक. नियम म्हणतो, परत.

"बुटका आहे ना?" डेमी-ली विचारते.
इथल्या कागदांवर त्याला एक कोरडा शब्द आहे.
आमच्याकडे रोपाला म्हणतात, खुरटलं,
आणि मग माती बघतात, सावली बघतात.
रोपाला कुणी बोल लावत नाही.
एवढं सगळं तिच्या भाषेत मला जमत नाही.
मी म्हणते, "पत्र येईल."

मग तिचा नंबर. आईच्या उंचीचाही रकाना असतो.
ती बूट काढते. एका मोज्यातून अंगठा बाहेर.
भिंतीला पाठ, चौथा महिना कोटात लपलेला,
आणि टाचा उचललेल्या, चोरून, तसूभर,
शाळेत वर्गाच्या फोटोला आम्ही उचलायचो तशा.
"टाचा टेकव."
एकशे एकोणपन्नास.
"माझी आई याहून एवढी कमी," म्हणत
ती दोन बोटांत माप धरते.
ते कुठे लिहायचं, मला सापडत नाही.

रात्री ती गोदामात पार्सलं बांधते.
न्हाणीच्या भिंतीला बुरशी आहे, तिनेच सांगितलं.
जेवलीस का, हा प्रश्न फॉर्मवर असा असतो:
गेल्या सात दिवसांत, पैसे नसल्यामुळे,
तुम्ही एखादं जेवण टाळलंत का?
ती म्हणते, "त्याचं नाही टाळलं."

लिफाफे लीड्सच्या ऑफिसात उघडतात.
अर्ध्या आयांना गोळ्या, अंडी-दुधाची कुपनं,
दर पंधरवड्याला सुईण घरी.
अर्ध्यांना जे सगळ्यांना मिळतं तेच.
कोण कुठल्या अर्ध्यात, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये,
नाहीतर हात माया करतो
आणि माया मिलिमीटरमध्ये उतरते.
हे मला पटतं.
मंगळवारी रात्री पटत नाही,
बुधवारी सकाळी पुन्हा पटतं.

जुलै. हॉलच्या खिडक्या उघड्या,
बाहेर कुणीतरी गवत कापतंय.
जेन्सन आता उभं राहून मोजायच्या वयाचा.
उभं राहिलं की माणूस सात मिलिमीटर कमी भरतो,
मणके एकमेकांवर बसतात.
पहिला टॅक्स, तस्लीम म्हणते.
डेमी-लीच्या छातीशी बांधलेली धाकटी, तीन आठवड्यांची.
ती पिशवी खाली ठेवते, खुशीत म्हणते,
"तुला सांगते, आम्हाला ना ते—"
मी हात वर करते, चौकातल्या पोलिसासारखा.
"नको. मला सांगू नकोस."
तिचा चेहरा उतरतो.
तिला वाटतं, मला ऐकायचंच नाही.
पिशवी तिथेच, तोंड उघडं टाकून.
मी छताकडे बघते. पट्टीकडे बघते.
जेन्सनच्या टाळूवर पाटी टेकवते.
तो टाचा उचलत नाही. अजून शिकला नाही.

त्र्याऐंशी पॉइंट सहा.
रेषेच्या वर, जेमतेम एक सेंटिमीटर.
कशाने, ते दोन वर्षांनी कळेल,
शेकडो पोरांच्या आकड्यांत मिसळून,
आणि कदाचित तेव्हाही नीटसं नाही.

तस्लीम धाकटीला सोडवून घेते.
फळी गार आहे.
मी दोन्ही तळहात तिच्यावर ठेवते, थोडा वेळ,
जिथे पाठ येईल तिथे.